मेलेल्याला उठवल्याच्या साक्षी

१५४२ च्या ऑक्टोबरात तुतिकोरिनहून रोमला एक पत्र निघालं. लिहिणारे फ्रान्सिस झेवियर. गोव्याच्या धक्क्यावर उतरून त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. पत्र जेझुइट संघाचे प्रमुख इग्नेशियस लोयोला यांना होतं. मोत्यांच्या किनाऱ्यावरच्या परव कोळ्यांकडे जाताना लागलेल्या एका गावाची हकीकत त्यात आहे. आसपासची गावं ख्रिस्ती झाली होती, पण या गावाच्या धन्याची परवानगी नव्हती, म्हणून तिथे कोणीच बाप्तिस्मा घेतला नव्हता. त्या गावात एक बाई तीन दिवस अडली होती. घरच्यांनी आशा सोडली होती. झेवियर तमिळ जाणणाऱ्या एका सोबत्याला घेऊन त्या घरात गेले आणि आपण परक्या मुलखात आहोत हे विसरून त्यांनी प्रभूचा धावा केला. सोबत्याकरवी बाईला श्रद्धेची तत्त्वं सांगितली, तिने मान्य केली, शुभवर्तमानातला एक भाग वाचला, बाप्तिस्मा दिला. बाई लगेच मोकळी झाली. मग नवरा, मुलंबाळं आणि नुकतं जन्मलेलं बाळ, साऱ्या घराचा बाप्तिस्मा झाला, आणि बातमी गावभर पसरली.

झेवियर यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मजकुरात चमत्काराच्या सर्वांत जवळ जाणारा प्रसंग हाच. त्यात ते स्वतःकडे काहीही घेत नाहीत. ज्याचं श्रेय त्याला देतात आणि पुढच्या गावाकडे निघतात.

त्यांचे मोठे चरित्रकार गेओर्ग श्युरहामर यांनी हे गाव म्हणजे तिरुचेंदूरजवळचं कोंबुतुरै असं ठरवलं आहे. पुढच्या काळातल्या चरित्रांतही कोंबुतुरै येतं, पण वेगळ्या कारणाने. तिथल्या लहानशा देवळात झेवियर मिस्सा सुरू करणार, एवढ्यात लोक विहिरीत बुडून मेलेल्या एका मुलाला घेऊन आत शिरले. आईने पाय धरले. झेवियर यांनी प्रार्थना केली, मुलाचा हात धरून त्याला उठ म्हटलं, आणि तो उठला. अडलेल्या बाईच्या गावाला काही दशकांत मेलेला मुलगा उठवल्याचं गाव म्हणून ओळख मिळाली. हे कसं घडलं, कोणी घडवलं, त्यात कोणाची काय गरज होती, हे कागदोपत्री टप्प्याटप्प्याने पाहता येतं. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

मुळात हा धर्म साक्षीवर उभा आहे. येशू कबरेतून उठला हे प्रत्यक्ष घडताना कोणी पाहिलं, असं चारही शुभवर्तमानांत कुठे म्हटलेलं नाही. बायका पहाटे गेल्या, कबर रिकामी दिसली, मग तो भेटला, एवढंच सांगितलं आहे. त्या काळच्या न्यायात बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं, तरी पहिली साक्ष त्यांचीच ठेवली आहे. पौलाने करिंथकरांना लिहिताना पेत्र, बारा शिष्य आणि एका वेळी पाचशेहून अधिक जण अशी साक्षीदारांची यादीच दिली, आणि ख्रिस्त उठला नसेल तर आपला सारा विश्वास फोल आहे असं स्पष्ट म्हटलं. थोमा मात्र ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, असं त्याचं म्हणणं. याच थोमाची म्हणून मानली जाणारी कबर मैलापूरला आहे, आणि १५४५ साली झेवियर तिथे काही महिने प्रार्थना करत राहिले होते. पूर्वेला मलाक्काकडे जायचं त्यांनी तिथेच ठरवलं.

याशिवाय येशूने तिघांना उठवल्याच्या कथा आहेत: याईराची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा मुलगा आणि लाजर. ते तिघे पुढे केव्हातरी मेलेच. ईस्टरचं पुनरुत्थान त्याहून निराळं. तिथे पुन्हा मरण नाही. धर्मशास्त्र हा फरक काटेकोरपणे पाळतं. पण मूल गेलेल्या आईला हा फरक कोण समजावणार? तिला आपलं मूल हवं असतं.

मोतीकिनाऱ्याचे परव १५३५ ते १५३७ च्या सुमारास हजारोंनी ख्रिस्ती झाले होते. मोत्यांच्या धंद्यातल्या भांडणात पोर्तुगीजांचं संरक्षण मिळावं हे त्यामागचं उघड कारण होतं. बाप्तिस्मा झाला, पण शिकवायला कोणी नव्हतं. झेवियर आले तेव्हा यांना ‘आम्ही ख्रिस्ती’ यापलीकडे काही सांगता येत नव्हतं. त्यांनी भाषा जाणणारी माणसं गाठली आणि मोठ्या कष्टाने प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेतल्या. त्या स्वतः पाठ केल्या. मग हातात घंटा घेऊन ते गल्लीबोळांतून फिरत आणि पोरं गोळा करत. १५ जानेवारी १५४४ च्या कोचीनहून लिहिलेल्या पत्रात हे सारं आहे. बाप्तिस्मा देऊन देऊन हात उचलवत नाही, तीच तीच वाक्यं म्हणून आवाज बसतो, असंही त्यात आहे.

त्याच पत्रात आजाऱ्यांविषयी लिहिलेलं मला फार मोलाचं वाटतं. घराघरांतून बोलावणी यायची, आजाऱ्याच्या उशाशी शुभवर्तमान वाचायला या म्हणून. सगळीकडे पोचणं एका माणसाला शक्य नव्हतं. तेव्हा झेवियर यांनी प्रार्थना पाठ झालेल्या पोरांना पाठवायला सुरुवात केली. पोरं क्रूस घेऊन आजाऱ्याच्या घरी जायची, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना जमवायची, सर्वांकडून श्रद्धांगीकार वारंवार म्हणून घ्यायची आणि आजाऱ्याला धीर द्यायची. घरच्यांच्या आणि आजाऱ्याच्या विश्वासामुळे देवाने अनेकांना शरीराने आणि आत्म्याने बरं केलं, असं झेवियर लिहितात. म्हणजे त्यांच्याच शब्दांवर जायचं तर त्या किनाऱ्यावर आजारी बरे झाले ते कोळ्यांच्या पोरांच्या हातून. त्या पोरांपैकी कोणालाही संतपद मिळालं नाही.

भाषेचीही तीच गोष्ट. पुढे रोमने झेवियर यांना सर्व भाषा बोलण्याचं दैवी वरदान असल्याचं मानलं. पण १५४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सहकारी फ्रान्सिस्कु मांसिल्याश यांना लिहिलेलं पत्र काही वेगळंच सांगतं. दुभाषे जवळ नव्हते. मी काय जगतोय याची कल्पना करा, असं ते लिहितात. मी बोलतो ते यांना कळत नाही आणि हे बोलतात ते मला तर त्याहून कळत नाही. पण तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायला दुभाषा लागत नाही, आणि गरिबांना काय हवं ते दुभाष्याशिवायही समजतं. जपानात गेल्यावर त्यांनी आपण या लोकांत पुतळ्यांसारखे आहोत असं कळवलं. ते बोलत, चर्चा करत, आणि हे गप्प.

१५४४ च्याच जूनमध्ये उत्तरेकडून आलेल्या वडुगांच्या घोडदळाने कन्याकुमारीच्या बाजूची ख्रिस्ती गावं लुटली. लोक समुद्रातल्या खडकांवर पळाले; खायला नाही, प्यायला पाणी नाही. झेवियर यांनी मणप्पाडहून वीस होड्या भरून धान्य आणि पाणी नेण्याची खटपट केली. वारा विरुद्ध होता. आठ दिवस झगडूनही होड्या पोचेनात. मग ते जमिनीवरून पायी गेले आणि त्या माणसांची दशा पाहून हेलावले. चरित्रांत याचं काय झालं? झेवियर एकटेच हातात क्रूस घेऊन सैन्यासमोर उभे राहिले आणि घोडेस्वार भयाने परत फिरले! मला विरुद्ध वाऱ्याशी आठ दिवस झगडणारा माणूस अधिक पूज्य वाटतो. त्यात माझ्या काळाचा वाटा असेल, पण वाटतो खरा.

मेलेल्याला उठवल्याची कुजबुज मात्र ते हयात असतानाच सुरू झाली होती. गोव्यातले दियोगु द बोर्बा हे झेवियर यांचे जुने स्नेही. त्यांनी एकदा थेट विचारलं, तिकडे तुम्ही एका मुलाला जिवंत केलंत म्हणतात, ते खरं का? जुन्या चरित्रांत याचं उत्तर नोंदलेलं आहे. झेवियर लाजून लाल झाले. मी पापी माणूस, मी कोणाला उठवणार, असं म्हणाले. मेला म्हणून एक पोरगा आणला होता, तो जिवंतच होता, देवाच्या नावाने ऊठ म्हटलं आणि तो उठला, लोकांनी त्याचा बोभाटा केला. याईराच्या मुलीजवळ रडणाऱ्यांना येशूने सांगितलं होतं की ती मेलेली नाही, झोपली आहे. त्यावर लोक हसले होते. झेवियर यांच्यावर कोणी हसलं नाही. चरित्रकारांनी त्यांचा नकार हाच त्यांच्या विनयाचा आणि म्हणून चमत्काराचा पुरावा धरला.

३ डिसेंबर १५५२. चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर झेवियर वारले. वय ४६. चीनमध्ये शिरायला मिळेल या आशेवर ते तिथे थांबले होते. शेवटच्या दिवसांत जवळ होता अंतोनियु नावाचा चिनी ख्रिस्ती तरुण, आणि त्यानेच नंतर सारी हकीकत लिहून कळवली. लाकडी पेटीत प्रेत ठेवलं आणि वरखाली चुना भरला. मांस लवकर झडावं, म्हणजे पुढे कधी हाडं हिंदुस्थानात न्यायची झाली तर सोपं जाईल, असा साधा हिशेब होता. १५५३ च्या फेब्रुवारीत ‘सांता क्रूझ’ जहाज निघण्याआधी कबर उघडली तेव्हा देह जसाच्या तसा होता. कप्तानाला खात्री पटावी म्हणून मांडीचा लहानसा तुकडा कापून दाखवला गेला. जहाज निघालं ते देह घेऊनच.

मलाक्कात त्यांना पेटीशिवायच पुरलं. खड्डा आखूड होता, मान वाकवावी लागली, वरून माती ठोकून बसवली. चेहऱ्याला इजा झाली. ऑगस्टमध्ये पुन्हा उकरलं तेव्हाही देह कुजलेला नव्हता. चुना प्रेत झपाट्याने खातो ही समजूत बरोबर नाही. ओलावा शोषून तो कुजणं लांबवू शकतो, हे आजच्या न्यायवैद्यकाला माहीत आहे. पण मलाक्काच्या ओल्या मातीतल्या पाच महिन्यांना हे उत्तर पुरतं का, हा प्रश्न राहतोच.

१६ मार्च १५५४, शुक्रवार. पुढच्या रविवारी झावळ्यांचा सण आणि त्यानंतरच्या रविवारी ईस्टर. अशा वेळी देह गोव्याला पोचला. विजरई अफोन्सु द नोरोन्या धक्क्यावर हजर होते. सेंट पॉल कॉलेजच्या देवळात तीन-चार दिवस दर्शन ठेवावं लागलं, एवढी गर्दी उसळली. पायाचं चुंबन घेताना एका पोर्तुगीज बाईने अंगठ्याचा चावा घेऊन तुकडा तोंडात लपवून नेला, ही कथा गोव्यात आजही सांगतात. विजरईचे वैद्य कॉस्मे सरायवा यांनी देह तपासला. पोट दाबून पाहिलं, आतडी जागेवर होती, मसाला भरल्याची खूण कुठेही नव्हती. डाव्या कुशीला हृदयाजवळ एक छिद्र होतं. सरायवांच्या सांगण्यावरून दोघा जेझुइटांनी त्यात बोटं घातली; बोटांना रक्त लागून आलं. सरायवांनी ते हुंगलं आणि दुर्गंधी नसल्याची शपथेवर साक्ष दिली. कुशीतल्या जखमेत बोट! पवित्र आठवड्याच्या तोंडावर तिथे जमलेल्यांपैकी थोमाची आठवण न आलेला माणूस विरळा असेल.

बातमी लिस्बनला पोचली. राजा तिसरा जॉन याने मार्च १५५६ मध्ये हुकूम धाडला की झेवियर यांच्या जीवनाची, कृत्यांची आणि चमत्कारांची शपथेवर चौकशी करून कागद पाठवावेत. गोवा, कोचीन, मलाक्का आणि आपली वसई अशा चार ठिकाणी १५५६-५७ मध्ये साक्षी झाल्या. वसईत झेवियर १५४८ साली गव्हर्नर जुआंव द काश्त्रु यांना भेटायला आले होते, तेव्हा ओळखीची माणसं तिथे होती. नोटरीसमोर खलाशी आले, व्यापारी आले, अधिकारी आले. काहींनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं: त्यांची गरिबी, रात्र रात्र चालणारी प्रार्थना, जुगाऱ्यांत बसून त्यांना माणसांत आणणं. मेलेल्यांविषयी बहुतेकांची साक्ष मात्र ‘सर्वत्र असं बोललं जातं’ या वळणाची होती.

इथे एक गोष्ट डावलता येत नाही. याच झेवियर यांनी १५४६ साली अंबोइनाहून राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन हवं अशी मागणी केली होती. ते १५६० साली आलं, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्याही न्यायासनापुढे शपथा होत्या, नोटरी होते, शेजाऱ्यांच्या साक्षी होत्या. घरात तुळस ठेवली, लग्नात जुनी रीत पाळली, यासाठी माणसं उभी केली गेली. त्या काळच्या गोव्यात एकाच तऱ्हेच्या कागदावर कोणी संत ठरला आणि कोणी पाखंडी. झेवियर यांचा करुणाळूपणा खरा आहे आणि हे पत्रही खरं आहे. दोन्ही एकाच माणसाची आहेत.

पुढची पन्नास-साठ वर्षं चरित्रांची. पहिलं सविस्तर चरित्र मानुएल तेशेरा यांनी १५८० च्या आसपास लिहिलं. त्यांनी झेवियर यांना गोव्यात पाहिलं होतं, म्हणून त्यांचा हात आवरता होता, आणि युरोपात बसून लिहिणारे नको तेवढं चढवतात अशी त्यांची तक्रार होती. जेझुइट विद्वान जुझे द आकोस्ता यांनी तर १५८८ साली छापलेल्या ग्रंथात आपल्या काळच्या मिशनऱ्यांना प्रेषितांसारखे विपुल चमत्कार का लाभत नाहीत, या प्रश्नाचाच ऊहापोह केला. पण वाचकांना दुसरं हवं होतं. तोर्सेलिनी यांचं लॅटिन चरित्र १५९० च्या दशकात आलं, लुसेना यांचं पोर्तुगीज चरित्र १६०० साली, आणि प्रत्येकात उठवलेल्या मृतांची दालनं रुंदावत गेली. १६०८ साली फिलिपिन्समध्ये फाउश्तु रॉद्रिगिश नावाच्या म्हाताऱ्या पोर्तुगीजाने साक्ष दिली की साठ-बासष्ट वर्षांपूर्वी मोलुक्काच्या समुद्रात वादळ शमवताना झेवियर यांचा क्रूस पाण्यात पडला, आणि दुसऱ्या दिवशी एका खेकड्याने तो नांगीत उभा धरून किनाऱ्यावर आणून दिला. सगळ्या कथांत मला ही सर्वांत गोड वाटते. फाउश्तु खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. साठ वर्षं मनात जपलेली आठवण शेवटी अशीच होते.

संतपदासाठी रोमचे कायदेपंडित साक्षी छाननीला घेत, म्हणून १६१० च्या दशकात पूर्वेकडे पुन्हा चौकशा झाल्या. १६१४ साली जेझुइटांच्या रोमच्या प्रमुखांच्या आज्ञेवरून गोव्यात देहाचा उजवा हात कोपरापासून कापून रोमला नेला. तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. १६१६ मध्ये मोतीकिनाऱ्यावर आणि कोचीनला साक्षी चालल्या. आता पाहिलेले थोडे उरले होते. ‘माझ्या बापाने सांगितलं’, ‘आजीने सांगितलं’ म्हणणारे अधिक. कोल्लमजवळ आदल्या दिवशी पुरलेल्या माणसाची कबर उघडायला लावून झेवियर यांनी त्याला उठवलं, साप चावून मेलेला तरुण उठला, कोंबुतुरैच्या विहिरीतला मुलगा उठला. परव लोकांच्या बाजूने हे पाहिलं पाहिजे. राजाच्या संरक्षणासाठी धर्म बदललेली जात म्हणून त्यांच्याकडे बघितलं जाई. तीन पिढ्यांनी त्यांना रोमच्या दरबारात सांगायला स्वतःची गोष्ट मिळाली, की आमच्या गावात, आमच्या विहिरीपाशी, आमच्या पोरासाठी देव आला होता. कोळ्यांचं म्हणणं एवढ्या अदबीने कोणी लिहून घेण्याची त्या किनाऱ्यावरची ती बहुधा पहिलीच वेळ.

त्याच १६१६ साली, गोव्यातल्या रायतूरला, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. येशूचे चमत्कार, लाजर, रिकामी कबर, सारं मराठी ओव्यांत, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. एकीकडे मृत उठल्याच्या साक्षी नोटरी लिहून घेत होते, दुसरीकडे तोच विषय पुराणाच्या चालीत साष्टीच्या देवळांत गायला जाऊ लागला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी जुन्या पुराणांच्या जागी काही द्या म्हणून मागितलं होतं, त्याला हे उत्तर होतं.

१२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी झेवियर यांना संत घोषित केलं. त्याच दिवशी लोयोला, आविलाची तेरेसा, फिलिप नेरी आणि शेतकरी इसिदोर हेही संत झाले. ग्रेगरी वारल्यामुळे अधिकृत फर्मान निघालं ते आठवे अर्बन यांच्या सहीने, ऑगस्ट १६२३ मध्ये. त्यात भाषांचं वरदान आहे, उठवलेले मृत आहेत. दुभाष्याशिवाय गांजलेल्या झेवियर यांचं मांसिल्याशना लिहिलेलं पत्र तेव्हा अस्तित्वात होतं. ते कोणी खोटं ठरवलं नाही. फर्मानात त्याची दखल मात्र घेतली नाही.

यानंतर हा देह गोव्याच्या राजकारणात उतरला. नेपल्समधले जेझुइट मार्चेलो मास्त्रिली यांच्या डोक्यात १६३३ च्या डिसेंबरात सजावट चालू असताना हातोडा पडला. मरणाच्या दारातून झेवियर यांनी दर्शन देऊन परत आणलं, असं ते सांगत. गोव्याला येऊन त्यांनी देहासाठी चांदीची पेटी करवली. १६३६-३७ मध्ये गोमंतकीय कारागिरांनी ती घडवली आणि पत्र्यांवर संताचे चमत्कार उठवले. मास्त्रिली पुढे जपानला गेले आणि १६३७ मध्ये नागासाकीला मारले गेले.

१६८३ च्या नोव्हेंबरात विजरई कोंद द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. येसाजी कंक आणि त्याचा मुलगा कृष्णाजी यांनी किल्ला झुंजवला, खुद्द संभाजी महाराज मदतीला आले, आणि विजरईला मार खाऊन परतावं लागलं. २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटीचा फायदा घेऊन मराठ्यांनी जुवे बेटाचा किल्ला घेतला. तो परत घ्यायला गेलेला विजरई जखमी होऊन कसाबसा निसटला. गोवा शहर आता हाताच्या अंतरावर होतं. तेव्हा आल्व्होर संताचा देह असलेल्या बॉम जेझुस देवळात गेला, पेटी उघडवली, आपली अधिकाराची काठी, राजाची सनद आणि एक लेखी विनंती संताच्या देहापाशी ठेवली. आता राज्य तुम्हीच राखा, हा त्याचा अर्थ. डिसेंबरभर मराठी फौजा साष्टी आणि बारदेशात फिरत होत्या. मग शहाआलमची मुघल फौज घाट उतरू लागली आणि महाराजांना माघार घ्यावी लागली. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी हा संताचा चमत्कार मानला, आणि पुढचे विजरई बॉम जेझुसमध्ये येऊन संताच्या हातची काठी घेऊन कारभाराला लागू लागले. मराठी इतिहासकार याला औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेचा परिणाम म्हणतात, आणि कागद त्यांच्या बाजूने आहेत. पण देवळाची दारं लावून गुडघे टेकलेल्या त्या शहरात भीती खरी होती, सुटकाही खरी होती. याच आल्व्होरने पुढच्या वर्षी, जून १६८४ मध्ये, गोव्यात स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेत खेड्यापाड्यांतून संताची गाऱ्हाणी घातली जात, तीच भाषा.

फ्लोरेन्सच्या फोज्जिनी यांनी घडवलेला संगमरवरी चौथरा १६९८ साली उभा राहिला. १७५९ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकललं, आणि जाताना त्यांनी खरा देह पळवला अशी अफवा उठली. ती बंद करायला १७८२ च्या फेब्रुवारीत देह लोकांसमोर मांडला. तेच पहिलं जाहीर शवप्रदर्शन. तोवर तो वाळलेला होता. अलीकडचं शवप्रदर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असं झालं. चर्च आज त्याला पवित्र अवशेष म्हणतं.

१८९६ साली अमेरिकेत अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनी विज्ञान आणि धर्मशास्त्राच्या झगड्यावरचा आपला मोठा ग्रंथ छापला. त्यात झेवियर यांची पत्रं आणि नंतरची चरित्रं शेजारी ठेवून दंतकथा कशी वाढते ते त्यांनी दाखवलं. जेझुइटांनी त्यांना जोरदार उत्तरं दिली, पण पत्रांत काय आहे आणि काय नाही हे कुणालाही वाचता येत होतं.

त्यानंतर चौदा वर्षांनी, १९१० च्या शवप्रदर्शनाला, एक तरुण जर्मन जेझुइट जुन्या गोव्याला आला. हेच ते गेओर्ग श्युरहामर. हिंदुस्थानात त्यांच्या प्रकृतीने घात केला होता, मज्जातंतूंच्या आजाराने काम जवळपास बंद पडलं होतं. त्यांनी संतापुढे नवस बोलला: बरा झालो तर तुमचं खरं चरित्र लिहीन. ते बरे झाले. नवस फेडायला त्यांना जवळजवळ सारं आयुष्य लागलं. लिस्बन, गोवा, रोम, माद्रिद इथली दप्तरं त्यांनी उपसली. प्रत्येक पत्राची मूळ प्रत शोधली, प्रत्येक साक्षीदार कोण, कुठे होता, किती वयाचा होता हे पाहिलं. चार जाडजूड भागांचं चरित्र जर्मनमध्ये १९५५ पासून निघू लागलं. १९७१ मध्ये रोमला ते वारले आणि शेवटचा भाग १९७३ साली बाहेर आला. ज्या संतामुळे आपण बरे झालो असं ते मानत, त्याच्या नावावरचं भाषांचं वरदान त्यांनी पुराव्याअभावी काढून टाकलं, आणि १५४२ चं पत्र घेऊन ते अडलेल्या बाईच्या गावाचा पत्ता शोधत बसले.